२८ कोपरे, १९ फटी: पॉलिशआधी सागवानी पट्टीचं काय झालं

पुण्यातल्या सहकारनगरमधलं तीन खोल्यांचं जुनं घर. मालक नवरा-बायको दोघेही निवृत्त शिक्षक. त्यांनी आयुष्यात एकदाच मनासारखं लाकूडकाम करायचं ठरवलं आणि त्यासाठी सागवान निवडलं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून माल आला. व्यापारी त्याला ‘सीपी टीक’ म्हणाला. सीपी म्हणजे सेंट्रल प्रोव्हिन्सेस. तो प्रांत जाऊन इतकी वर्षं झाली, पण बल्लारशा-आलापल्लीकडच्या सागाला बाजारात अजून हेच नाव चालतं.

काम साधं होतं. चार दारांच्या चौकटींना दोन्ही बाजूंनी ३ इंची मोल्डिंग पट्टी, आणि तीन खिडक्यांना आतून चारही कडांना तशीच पट्टी. दारांचे १६ आणि खिडक्यांचे १२ असे ४५ अंशांत कापून जुळवायचे २८ कोपरे. देखरेख माझी होती. सुतारकाकांनी श्रावणात पट्ट्या ठोकल्या. त्या दिवशी मी प्रत्येक कोपऱ्यावरून नख फिरवलं होतं, कुठेच अडकलं नाही. ते काम चांगलंच होतं, हे आधीच सांगतो, कारण पुढे सगळे त्यांच्याकडेच बोट दाखवत होते.

पॉलिश दिवाळीनंतर करायचं ठरलं होतं. पावसाळ्यात मेलामाइन, म्हणजे वरून मारायचं पारदर्शक पॉलिश, मारलं की दमट हवेने फिनिश पांढुरकं पडतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पॉलिशवाला आला, त्याने दिवा तिरका धरला आणि मला फोन केला, “दादा, कोपरे फाकलेत. सुताराला आधी बोलवा.” सुतारकाकांना फोन केला तर ते म्हणाले, “एवढं तेवढं पॉलिशवाला भरून घेतो की. नेहमीच घेतो.” साइटवर हे संभाषण मी किती वेळा ऐकलंय याची मोजदाद नाही. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. तरीही फट कुणाच्याच वाट्याला येत नाही, आणि शेवटी घरात राहणाऱ्याला ती रोज दिसत राहते.

मी पोचेपर्यंत पॉलिशवाल्याच्या हाताखालच्या मुलाने हॉलच्या दोन दारांचे कोपरे भरूनही टाकले होते. करवतीखाली पडलेला भुसा, त्यात पांढरा ग्लू, बोटाने दाबून भरलेला आणि बोटानेच पुसलेला. सुकल्यावर दिसायला ठीक होतं. एका दाराला त्याने स्टेनचा, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाचा, हातही मारला होता, आणि तिथे काय बिघडलंय ते स्वच्छ दिसत होतं. फटीच्या जागी काळपट रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंद फिकट डाग. भुशाच्या जाड कणांनी ग्लू पिऊन घेतला की ते गडद होतात. आजूबाजूच्या लाकडात मात्र ग्लूने रंध्रं बुजवलेली असतात, म्हणून स्टेन आत शिरत नाही. एकाच चुकीतून एक काळा आणि एक पांढरा असे दोन डाग पडतात.

त्या मुलाला मी रागावलो नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पण काम तिथेच थांबवलं आणि मालकांना सांगितलं की पॉलिश आठवडाभर पुढे जाईल. बाई म्हणाल्या, “चालेल. पण भरलेलं मला दिसायला नको.” ही मागणी रास्त होती.

फटीचा आकार काय सांगतो

पुढचा अर्धा दिवस मी काहीच भरलं नाही, फक्त पाहिलं. फट भरायच्या आधी ती कोणत्या टोकाला रुंद आहे हे बघायला हवं, आणि साइटवर नेमकं हेच कुणी करत नाही. वहीत २८ कोपऱ्यांची चित्रं काढली आणि पातळ पत्र्यांच्या फीलर गेजने प्रत्येक फट आतल्या टोकाला, मध्यावर आणि बाहेरच्या टोकाला मोजली. आतलं टोक म्हणजे दाराच्या पोकळीकडचं आणि बाहेरचं म्हणजे भिंतीकडचं.

१९ कोपऱ्यांना फट होती. त्यातल्या १४ फटी बाहेरच्या टोकाला पूर्ण मिटलेल्या आणि आतल्या टोकाला उघड्या होत्या, पाचरीसारख्या. तीन अगदी उलट, आत मिटलेल्या आणि बाहेर उघड्या. दोन फटी पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच रुंदीच्या.

पाचरीसारख्या १४ फटी लाकूड सुकल्याने पडल्या होत्या. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं. पट्टी रुंदीला कमी झाली आणि लांबीला तेवढीच राहिली, तर ४५ अंशांचा कट ४५ चा राहत नाही, किंचित कमी होतो. दोन्ही पट्ट्यांचे कट असे कमी झाले की बाहेरची टोकं एकमेकांना टेकलेली राहतात आणि आतली टोकं सुटतात.

सागाचा हिशोब करता येतो. पाण्याचं प्रमाण १ टक्क्याने उतरलं की आडव्या कापाची सागवानी पट्टी, म्हणजे जिच्यावर डोंगरासारखी नक्षी दिसते ती, रुंदीत सुमारे ०.१९ टक्के आकसते. सरळ समांतर रेघांची पट्टी ०.१ टक्का, म्हणजे जवळपास निम्मीच. श्रावणात ठोकताना मी ओलावा मोजायचा मीटर लावला होता, तेव्हा १६ टक्के होते. नोव्हेंबरात ११ भरले. ३ इंची, म्हणजे ७५ मिलिमीटरची आडव्या कापाची पट्टी ५ टक्क्यांच्या फरकाने सुमारे ०.७ मिलिमीटर आकसणार. दोन्ही बाजूंनी मिळून आतल्या टोकाला जवळजवळ १ मिलिमीटर फट पडणार. १४ पैकी नऊ कोपऱ्यांत गेजने ०.९ ते १.१ दाखवलं. उरलेल्या पाच ठिकाणी सरळ रेघांच्या पट्ट्या होत्या आणि फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. हिशोब इतका जुळला की मी वही सुतारकाकांना नेऊन दाखवली. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे माझा कट चुकला नव्हता.” नव्हताच चुकला.

चुकलं ते वेळेत. लाकडातल्या ओलाव्याचं भारतीय मानक, आयएस २८७, हवेतल्या सरासरी आर्द्रतेवरून देशाचे चार विभाग करतं आणि प्रत्येक विभागात लाकूड किती सुकलेलं हवं ते सांगतं. पुण्यात तर एकाच वर्षात या टोकाचं हवामान आणि त्या टोकाचं हवामान दोन्ही अनुभवायला मिळतं. श्रावणातली ८० टक्क्यांच्या वरची आर्द्रता आणि एप्रिलच्या दुपारची ३० च्या खालची. गोदामातून आलेल्या पट्ट्या घरात आठ-दहा दिवस पसरून ठेवून मग ठोकतात, तेही आम्ही केलं होतं. पण ओल्या हवेत पसरलेलं लाकूड ओलंच राहतं. पट्ट्यांच्या मागच्या बाजूला सीलरचा, म्हणजे रंध्रं झाकणाऱ्या अस्तराचा, हात मारला असता तर ही हालचाल मंदावली असती. तो मारून घेणं माझं काम होतं आणि ते राहून गेलं.

बाहेर उघडलेल्या तीन फटींचा हवामानाशी संबंध नव्हता. काटकोन तपासायचा गुण्या लावला तर स्वयंपाकघराच्या आणि मागच्या खोलीच्या जुन्या चौकटी काटकोनात नव्हत्या, कोपरा ८९ अंशांच्या आसपास होता. ९० चे कट ८९ च्या कोपऱ्यात बसवले की आतली टोकं आधी भिडतात आणि बाहेर फट राहते. ती अर्ध्या सुताहून (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) थोडी मोठी होती. समांतर दोन फटी खिडक्यांवर होत्या, आणि तिथे वरची पट्टीच तोकडी कापली गेली होती.

भरायचं काय, बदलायचं काय

तोकड्या दोन्ही पट्ट्या काढून नव्या कापल्या. समांतर फट भरली की भरलेली रेघ शेवटपर्यंत एकाच जाडीची राहते, आणि पट्टी कमी पडली हे बघणाऱ्याला लगेच कळतं. मालाचे तुकडे शिल्लक होते, कारण सुतारकाका एक फूटसुद्धा फेकत नाहीत.

बाहेर उघडलेले तीन कोपरे सोडवले. पट्ट्या अलगद उचलल्या, कटाच्या आतल्या टोकाकडून पटाशीने प्रत्येकी अर्धा अंश काढला आणि परत जुळवल्या. बाहेरचं टोक न हलवता आतलं कमी केल्यामुळे पट्टीची लांबी तीच राहिली आणि फट मिटली. काढलेल्या प्रत्येक पट्टीच्या मागे या वेळी सीलर मारला.

राहिले १४. त्यातल्या नऊ कोपऱ्यांत १ मिलिमीटरची पाचर होती, आणि इतकी मोठी फट मी कुठल्याही लगद्याने भरत नाही. लगदा सुकताना आकसतो, मध्ये खळगा पडतो आणि वर्षाच्या आत एका बाजूने सुटतो. पाचरीच्या आकाराच्या फटीत लाकडाची पाचरच बसवावी. सुतारकाकांनी त्याच मालाच्या तुकड्यातून झिलप्या काढल्या. एक कड १ मिलिमीटरहून किंचित जास्त, दुसरी कागदासारखी पातळ, आणि रेषा झिलपीच्या लांबीत. हे काम हातानेच होतं. उलटा रंधा बाकावर घट्ट बसवून त्यावरून झिलपी ओढायची, दर दोन हातांनी फटीत लावून बघायची.

सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी फटीच्या आतल्या दोन्ही बाजू थिनरच्या फडक्याने पुसल्या. मग सांध्याच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप लावली. या टेपसाठी मी हट्टच धरला, कारण हॉलच्या दाराचं जे झालं ते ग्लू बाहेर पसरल्याने झालं. झिलपीला ग्लूचा पातळ हात, हलकेच आत ढकलायची, लाकडी ठोकळ्याने एक-दोन टपल्या. दाबून नाही बसवायची, का ते पुढे सांगतो. रात्रभर सुकू दिलं, सकाळी टेप काढली, वर आलेला भाग धारदार पटाशीने सपाट केला आणि १८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासला. ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासायचं, बोटाने घासलं की सांध्याच्या जागी दरी पडते.

भुकटी

अर्ध्या मिलिमीटरच्या पाच फटी आणि खिळ्यांची भोकं लगद्याने भरायची होती. भोकं मी मोजली, २१४. बिनडोक्याचे खिळे पंचने आत बसवलेले.

लगद्याचं साहित्य साधं असतं, फरक पडतो तो भुकटीने. करवतीचा भुसा जाड असतो. पेपर घासून पडलेली भुकटी पिठासारखी असते, तीच घ्यायची. त्याच मालाचा एक तुकडा १८० पेपरने घासून आम्ही वाटीभर भुकटी जमवली आणि ती सँडिंग सीलरमध्ये कालवली. सीलरचा थिनर लवकर उडतो, म्हणून एका वेळी चमचाभरच. जुने पॉलिशवाले चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, स्पिरिट पॉलिशमध्ये कालवत, तेही उत्तम चालतं. खडू पावडर घातलेली लांबी, म्हणजे पुट्टी, मी इथे टाळली. रंगकामाखाली लांबी छान बसते, पण पारदर्शक पॉलिशखाली खडू निर्जीव ठिपक्यासारखा दिसतो, कारण त्यातून उजेड आत शिरत नाही.

रंगाने मात्र मला दोन दिवस थांबवलं. ताजं कापलेलं सागवान हिरवट-मळकट असतं, काही ठिकाणी त्यात काळे पट्टे असतात. उजेडात काही दिवस राहिलं की ते सोनेरी तपकिरी होतं. श्रावणात लावलेल्या पट्ट्या तोवर बदलल्या होत्या, नव्या झिलप्या आणि भुकटी नव्हती. भरलेलं आज जुळवलं तर संक्रांतीला वेगळं दिसलं असतं. म्हणून झिलप्यांसाठीचे तुकडे आणि भुकटीची थाळी गच्चीवर उन्हात ठेवली. दोन दिवसांत पुरेसा रंग चढला. उरलेला फरक पिवडी (पिवळी माती), काव (तांबडी माती) आणि अगदी चिमूटभर काजळीने मिटवला. दोन छटा केल्या, एक फिकट भागासाठी आणि एक गडद रेषेसाठी. शंका आली की मी गडद घेतो. सागात गडद ठिपका रेषेत मिसळून जातो, फिकट ठिपका लांबूनही डोळ्यात येतो.

या छटा कोरड्या लाकडावर ठरवल्या नाहीत. एका तुकड्यावर मुद्दाम खिळे ठोकले, कट मारले, दोन्ही छटा भरल्या, आणि मग स्टेन, सीलर आणि मेलामाइनचे सगळे हात त्यावर मारले. घाई असेल तर थिनरचं ओलं फडकं फिरवलं तरी पॉलिशखालचा रंग क्षणभर दिसतो, पण तुकडा खोटं बोलत नाही. बाईंनी तो खिडकीजवळ नेला, तिरका धरला आणि बारा भोकांपैकी दोनच शोधून काढली. तिथून पुढे काम सुरू झालं.

भरण्याची वेळही आम्ही बदलली. सागाची रंध्रं मोठी आणि उघडी असतात. कच्च्या लाकडावर लगदा फासला की तो भोकात बसतो तसाच भोवतालच्या रंध्रांतही बसतो, आणि पेपर मारूनही निघत नाही. म्हणून आधी २२० पेपर, मग स्टेन, मग सीलरचा एक पातळ हात, आणि त्या हातानंतर भोकं भरली. रंध्रांवर सीलरचं आवरण आलेलं असल्याने भोवती फासलेला लगदा ३२० पेपरच्या हलक्या हाताने निघून गेला. लगदा भोकाच्या वर किंचित फुगीर ठेवला, दुसऱ्या दिवशी तो बसलेला दिसला, तेव्हा पुन्हा एकदा भरला. दोन वेळा भरल्याशिवाय एकही भोक सपाट झालं नाही.

बिघडलेल्या दोन दारांना सगळ्यात जास्त वेळ लागला. ग्लू कुठवर पसरलाय ते उघड्या डोळ्यांना दिसत नव्हतं. थिनरचं फडकं फिरवलं की तेवढा भाग फिकट उठून दिसे, तेव्हा पेन्सिलने खूण करायची. पेपर मारून ग्लू आणखी आत जातो, म्हणून आधी काचेच्या तुकड्याच्या धारेने खरवडलं, मग पेपर. एका कोपऱ्याला चार वेळा फडकं फिरवावं लागलं. फटीतला भुसा सुरीच्या टोकाने उकरून काढला आणि तिथेही झिलपी बसवली. ज्या मुलाने ते भरलं होतं त्याच्याकडूनच खरवडून घेतलं, मी शेजारी बसून होतो. तिसऱ्या कोपऱ्यापासून तो न विचारता टेप लावायला लागला.

पट्टी आणि भिंत यांच्यामधली फट हा वेगळा प्रश्न. प्लॅस्टर कुठे आत, कुठे बाहेर, त्यामुळे काही ठिकाणी २ मिलिमीटर अंतर होतं. तिथे लाकडाचं काहीच न घालता पॉलिश पूर्ण झाल्यावर पांढरं ॲक्रिलिक सीलंट भरलं आणि त्यावर भिंतीचा रंग मारला. तिथे सिलिकॉन वापरू दिलं नाही. त्यावर रंग धरत नाही, आणि त्याचा बोटभर अंश पट्टीला लागला तर पुढे कधी पॉलिश काढून नवं करताना तिथे खड्डे पडतात.

पुढचा पावसाळा

झिलप्या दाबून बसवू नका म्हटलं त्याचं कारण असं. लाकूड पुन्हा पाणी पिणार आणि पट्ट्या रुंदीत फुगणार. आतलं टोक लाकडाने गच्च भरलं असेल तर फुगणाऱ्या पट्ट्या त्यावर रेटा देतात आणि बाहेरचं टोक उघडतं. एप्रिलमध्ये फट सर्वांत मोठी असते, तेव्हा पूर्ण भरली तर हा रेटा सर्वांत जास्त. श्रावणात भरायला फटच नसते. नोव्हेंबरचे ११ टक्के मधोमध होते, म्हणून थांबायचं नाही असं मी ठरवलं. सुतारकाकांचं मत वेगळं होतं, त्यांना होळीपर्यंत थांबायचं होतं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण आजी-आजोबा चार महिने कच्च्या पट्ट्यांत राहिले असते आणि त्यांवर हातांचे डाग पडले असते.

पुढच्या एप्रिलमध्ये मी मीटर घेऊन गेलो. ८ टक्के. १४ पैकी चार कोपऱ्यांत आतल्या टोकाला केसाएवढी रेघ आली होती, नख अडकत नव्हतं. पॉलिशने ओलावा ये-जा करण्याचा वेग कमी केला होता, म्हणूनच एवढ्यावर भागलं. जुलैच्या शेवटी परत गेलो. आतल्या रेघा मिटल्या होत्या, आणि न्हाणीघराच्या दारावर दोन्ही बाहेरची टोकं किंचित सुटली होती. बाकी सगळीकडे शांत. न्हाणीघराच्या दाराला आंघोळीची वाफ रोज लागते आणि पट्टीची मागची बाजू उघडी आहे.

ती दोन टोकं तेव्हा भरली नाहीत. बाईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, हवा कोरडी झाली की पाहू. नोव्हेंबरात दोन्ही आपोआप जवळ आली होती. एकाला काहीच केलं नाही. दुसऱ्याला स्क्रूड्रायव्हरच्या गोल दांड्याने कडेचे तंतू सांध्याकडे दाबून घेतले आणि राहिलेल्या रेघेत त्याच छटेची मेणाची कांडी फिरवली. मेण तेव्हाच चाललं, कारण त्यावर पुढे पॉलिशचा हात बसायचा नव्हता. मेणावर पॉलिश धरत नाही. त्या न्हाणीघराच्या पट्ट्या येत्या हिवाळ्यात सुतारकाका काढून देणार आहेत, मागून सीलर मारायला.